आलोच

जुना कॉम्प्युटर घेऊन लोक आमच्या दुकानात येतात तेव्हा त्यांचे चेहरे घरातल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात आणल्यासारखे असतात. बरा होईल का, हे विचारायचं असतं. पण त्याआधी तो आयुष्यभर किती गुणाने राहिला ते सांगायचं असतं. मी सगळं ऐकून घेतो. मग सांगतो, याला काही झालेलं नाही, याची हार्ड डिस्क म्हातारी झालीये. आत एक तबकडी फिरते, तिच्यावर एक सुई धावत धावत एकेक गोष्ट शोधून आणते, आणि त्या सुईचे गुडघे गेलेत. तिच्या जागी एसएसडी टाकू. एसएसडीत काही फिरत नाही, काही धावत नाही, सगळं जागच्या जागी असतं. बटण दाबलं की हजर.

हे भाषण माझं आहे. दुकान मामाचं आहे. मामा म्हणतो, दुकान माझ्या तोंडावर चालतं आणि माझ्या हातांमुळे बंद पडेल.

एका काकूंचा फोन आला तेव्हा मी हे भाषण सुरू केलं ते थेट 'हजर'पर्यंत पोहोचलो. पलीकडून कुणी मध्ये बोललं नाही. इतक्या लक्षपूर्वक ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"एसएसडी घरात आहे," काकू मग म्हणाल्या. "आणून ठेवलेली. फक्त लावायचीये. तुम्ही घरी येऊन लावाल का? मशीन जागचं हलवायचं नाहीये."

"कुणी आणलीये?"

"मुलाने."

"मग तोच लावेल की. किरकोळ काम आहे." गिऱ्हाईक घालवण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही.



"तो यायचाय," काकू म्हणाल्या.

*

इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खिडकी आणि प्रत्येक खिडकीत कुणाची तरी वाळून गेलेली कुंडी. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझी छाती भात्यासारखी चालली होती. दार सताड उघडं होतं. खाली लाकडाची पाचर ठोकलेली होती आणि पाचरीभोवती धूळ इतकी व्यवस्थित साचली होती, की हे दार लावायचा विचार घरात बरेच दिवस कुणी केला नसावा.

काकू बारीक अंगाच्या, ताठ मानेच्या. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. बोलताना अजूनही मान किंचित एका बाजूला कलती ठेवत. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. माझ्या शर्टावर दुकानाचं नाव छापलंय ते त्यांनी वाचलं, एका अक्षरावर थांबले, आणि सभ्यपणे काही बोलले नाहीत.

मुलाची खोली कोपऱ्यातली. टेबल, खुर्ची, भिंतीवर औषधांच्या खोक्यांचे नमुने चिकटवलेले; तो त्या खोक्यांची डिझाइनं करायचा. खिडकीखाली चौक. टेबलाखाली काळा कॅबिनेट. मी बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्याने धुळीचा स्वेटर घातला होता.

"आधी एकदा चालू करून बघ," काकू म्हणाल्या. फोनवर त्यांनी मला तुम्ही म्हटलं होतं. चेहरा बघितल्यावर ती अडचण दूर झाली.

बटण त्यांनीच दाबलं. काकांनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. चहा उकळीला आला होता, तो तसाच गप्प झाला. मग काका येऊन दाराच्या चौकटीपाशी उभे राहिले आणि दोघांनी बोलणं थांबवलं.

डिस्क करकरायला लागली. म्हातारा माणूस खिशात किल्ली शोधतो तसा आवाज. पडद्यावर ठिपके गोल फिरत होते. माझ्या जिभेवर एक विनोद आला होता, तो मी सोडणारच होतो, तेवढ्यात खाली जिन्याच्या तळाशी कुणीतरी ओरडलं.

"आलोच!"

तरुण आवाज. पळत येणाऱ्याचा.

मी काही मनावर घेतलं नाही. कुठल्याही इमारतीत कुठल्याही क्षणी कुणीतरी कुणालातरी 'आलोच' म्हणत असतं आणि कुणीही येत नसतं. शब्दच फसवा आहे. व्याकरणाने माणूस येऊन पोहोचलेला असतो, प्रत्यक्षात त्याने अजून पायात चपलाही सरकवलेल्या नसतात.

डिस्क करकरत राहिली. पायऱ्यांवर पावलं वाजली.

"आलोच गं!" या वेळी मधल्या मजल्यावरून. आवाजात धाप होती.

काकूंची मान कलली. काका चौकटीला धरून उभे होते. पावलं शेवटच्या वळणावर आली. मला श्वास ऐकू आला. पळून दमलेल्या माणसाचा, आत हसू दाबलेला श्वास, उघड्या दाराच्या बाहेर, अगदी हाताच्या अंतरावर.

पडद्यावर आयकॉन उमटले. एक, दोन, मग सगळे. डिस्क शांत झाली.

दारापलीकडचा श्वास तिथेच तुटला.

मी उठून बाहेर गेलो. जिना रिकामा. खिडकीतली वाळकी कुंडी. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात नळ वाहत होता. मी परत आत आलो आणि स्पीकर तपासले. त्यांची वायर काढून, गुंडाळून, रबर लावून ठेवलेली होती. पडद्याला स्वतःचा आवाज नव्हता. चालू होताना आपोआप वाजणारं काही आत आहे का, तेही बघितलं. नव्हतं. मग बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी हात धुतले.

"रोज?" मी विचारलं.

"बटण दाबलं की," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात त्यांनी चहा पुन्हा गरम केला आणि मला सांगितलं. मशीन इतकं हळू झालं होतं, की मुलगा बटण दाबायचा आणि खाली सटकायचा. पाव, दूध, एखादं पेन, काहीतरी घेऊन यायचा. जाताना 'आलोच' म्हणायचा. मशीन पूर्ण उठायच्या आत वर पोहोचायचं, अशी स्वतःशीच शर्यत लावायचा. एसएसडी आणून ठेवली होती, पण लावत नव्हता. म्हणायचा, मग व्यायाम कसा होणार.

"जिंकायचा?"

"कायम." काकांनी चहा गाळला. गाळणं दोनदा आपटलं. "एकदा सोडून."

स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही तोच चौक दिसत होता. काका तिकडे बघत नव्हते. वळण घेणारे ट्रक वळण घेत होते.

"त्या दिवशी मशीन पूर्ण चालू होऊन बसलं होतं," काका म्हणाले. "दिवसभर. बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

*

वाद माझ्यासमोरच झाला. बहुतेक तो आधीही पुष्कळदा झाला असावा, कारण दोघंही समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत नव्हते.

"तो येतोय," काकू म्हणाल्या. "दारापर्यंत येतो आणि ती सुई थकते. हाच म्हणाला ना फोनवर, सुईचे गुडघे गेलेत म्हणून? एसएसडीत कुणी धावत नाही. बटण दाबलं की हजर. म्हणालास की नाही?"

म्हणालो होतो. माझं भाषण इतकं मनावर घेणारं पहिलंच गिऱ्हाईक. ही माझी बोलायची पद्धत आहे हो काकू, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे बघून मिटलं.

"अगं, मशीन वेळ घेतं म्हणून तर ऐकू येतो," काका म्हणाले. "यायला वाट असावी लागते. वाटच काढून टाकलीस तर कुठून यायचा तो?"

"तुम्हाला रोज नुसतं 'आलोच' पुरतं. मला नाही पुरत."

"मला पुरतं असं नाही."

"मग?"

काका बराच वेळ टेबलावरचा चहाचा गोल डाग अंगठ्याने पुसत राहिले. तो जुना होता, पुसला जाणार नव्हता.

"लाव बाबा," ते मला म्हणाले. "ती धड जेवत नाही."

एसएसडी मुलाच्या खणात होती. सील न फोडलेली. शेजारी काडेपेटी आणि काडेपेटीत ती बसवायचे स्क्रू. काडेपेटीला टेप लावलेली होती आणि टेपची एक कड मुद्दाम दुमडून ठेवली होती, सोडवताना नख लावायला लागू नये म्हणून. मी रोज टेपशी झटापट करणारा माणूस आहे. ही युक्ती मला कधी सुचली नव्हती.

जुनी डिस्क आणि एसएसडी दोन्ही जोडून मी इकडचं तिकडे उतरवायला लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. किती वेळ राहिला ते ती सांगत होती. आधी तास म्हणाली, मग दिवस म्हणाली, मग मिनिटं. अशा पट्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही, पण काकू ठेवत होत्या. खुर्ची ओढून त्या पट्टीसमोर बसल्या आणि तिच्यावरची नजर हलवली नाही. मध्ये एकदा त्यांनी केस नीट केले.

दुपारी काम संपलं. जुनी डिस्क मी काढून घेतली. एसएसडी खाचेत बसवली, स्क्रू पिळले, वायरी लावल्या. पत्रा बंद केला.

"काकू," मी म्हणालो. "तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं.

काहीच करकरलं नाही. नुसता पंख्याचा श्वास. ठिपके एकदा गोल फिरले, दुसऱ्यांदा फिरायच्या आत आयकॉन येऊन बसलेसुद्धा. मी इतकं सुंदर काम आयुष्यात केलं नव्हतं.

जिना शांत होता.

खालून कुणी हाक दिली नाही. पावलं नाहीत. काका उघड्या दाराकडे बघत होते. मीही बघत होतो. घर इतकं गप्प होतं, की खालच्या मजल्यावरचा नळ थेंब थेंब गळताना ऐकू येत होता. मला वाटलं, काकांचं खरं ठरलं. या दोघांकडे रोजचं जे एवढंसं होतं ते मी चार स्क्रूंनी संपवलं.

"आलो."

खोलीतून. जिन्यातून नाही, दारातून नाही. खोलीतून.

धाप नव्हती.

 मग काकांचे ओठ हलले. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिल टेकवावी तसे ते हळूच म्हणाले, "च राहिला."

काकू उठल्या. बाहेरच्या खोलीत गेल्या, वाकल्या, दाराखालची पाचर जोर लावून काढली आणि दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका तो निवला होता.

"मशीन बंद नाही करायचं हं आता," त्या म्हणाल्या. "आणि ती जुनी डिस्क घेऊन जा. फार दमवलं तिने त्याला."

*

आमचं दुकान एका शिंप्याच्या वर आहे. लोखंडी जिना गल्लीतून सरळ वर येतो आणि कुणीही चढलं तरी भांडी पडल्यासारखा वाजतो. मामा म्हणतो, घंटीचा खर्च वाचला.

जुनी डिस्क घरी नेली तरी कुणी शिव्या घालत नाही आणि पुसून वापरली तरी कुणी शाबासकी देत नाही. आम्ही पुसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती दुकानातल्या चाचणीच्या मशीनला जोडली. पुसायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर असतो. मशीन आधी पेन ड्राइव्हवरून सुरू कर, असं त्याला सांगावं लागतं. ते मी विसरलो. बटण दाबलं आणि मशीन सरळ त्या जुन्या डिस्कवरून उठायला लागलं.

करकर. किल्ली शोधणारा म्हातारा.

"हे काय मिक्सर लावलायस सकाळी सकाळी?" मामा पेपरातून म्हणाला.

गल्लीच्या टोकाकडून आवाज आला.

"आलोच!"

माझा हात बटणावर गेला, पण मी ते दाबलं नाही. गल्लीतून पावलं धावत आली. मग लोखंडी जिना वाजला. पहिल्या पायऱ्या सपासप, मग जरा जड.

"आलोच गं!" धाप. आणि मग थोडं थांबल्यासारखं. आपण भलत्याच जिन्यावर आलोय असं वाटून माणूस वर बघतो, तितकं.

"कोण रे?" मामा ओरडला. "ये की वर!"

पडद्यावर आयकॉन आले. जिना गप्प झाला.

मामाने दारातून डोकं बाहेर काढलं, खाली बघितलं. "कुणी नाही," तो म्हणाला. "हल्लीच्या पोरांना जिना चढायलापण जिवावर येतं."

मी डिस्ककडे बघत बसलो. मला अवघड गोष्टी सोप्या करून सांगायची सवय आहे. म्हणून ही गोष्टही मी स्वतःला सोपी करून सांगितली. हा अजून यायचाय. हा अजून वाटेवर आहे, अजून दमतोय, अजून हसू दाबतोय.

मग तिथे काकूंकडे कोण आलंय?

दुपारी काकूंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मागे ताट-वाट्यांचा आवाज होता.

"छान चाललंय रे. आत्ता जेवायलाच बसत होतो," त्या म्हणाल्या. माणूस पोटभर जेवायला लागला की आवाज भरतो. त्यांचा भरला होता. "बरं झालं फोन केलास. तो विचारत होता, त्या डिस्कचं काय केलं?"

"पुसणार आहे," मी म्हणालो. "आज."

त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. थोडा वेळ सगळं दबल्यासारखं झालं. मग परत आल्या.

"पुसून उपयोग नाही म्हणतो. फोडून टाका म्हणतो. आतली तबकडीसुद्धा."

पुसणं आणि फोडणं यात काय फरक असतो, हे काकूंना माहीत असायचं कारण नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "फोडतो."

*

काका आपणहून दुकानात आले. लोखंडी जिना इतका हळू चढले, की वाजलाच नाही. हातात कापडी पिशवी, तिच्यात काही नव्हतं. घरातून निघायला काहीतरी निमित्त लागतं म्हणून घेतलेली. मामाने त्यांना बाकावर बसवलं, पंखा लावला आणि खालच्या शिंप्याशी गप्पा मारायला निघून गेला. मामाला कधी कुठून निघून जावं हे बरोबर कळतं, आणि तो ते कधी कबूल करत नाही.

"फोडलीस?" काकांनी विचारलं.

"नाही."

ते बाकावर थोडे मागे टेकले. किती वेळ ते ताठ बसले होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कसं आहे घरी?" मी विचारलं.

"चांगलं आहे." त्यांनी पिशवीची घडी घातली, मोडली. "ती जेवते. झोपते. गाणं गुणगुणत होती काल. मशीन चालूच असतं, त्या खोलीत ती बसते आणि बोलते. तो 'हो' म्हणतो."

"एवढंच?"

"जे बोलेल त्याला हो म्हणतो. शांतपणे." काका हसले, पण ते हसू कुठे पोहोचलं नाही. "आमचा पहिल्या फटक्यात हो कधी म्हणायचा नाही रे. पाणी दे म्हटलं तर आधी विचारायचा, कुठलं. गार की साधं. पेल्यात की तांब्यात. डोकं उठवायचा."

"काकूंना कळत नाही? त्यांनी तर आयुष्यभर आवाजच ऐकलेत."

"तिला माझ्याआधी कळलं असेल."

पंखा फिरत होता. खाली शिंप्याचं मशीन थांबत, सुरू होत होतं.

"घरात काय आहे, ते मी तिला विचारत नाही," काका म्हणाले. "ती जेवते."

मग मी त्यांना डिस्क लावून दाखवली. पेन ड्राइव्ह या वेळी मुद्दाम काढून ठेवला. काका बाकावर पुढे सरकून बसले, हात गुडघ्यांवर. करकर सुरू झाली. गल्लीच्या टोकाला तो ओरडला, पळत आला, जिना वाजवत अर्ध्यापर्यंत चढला, धाप लागलेली, हसू दाबलेलं. "आलोच गं!" मग आयकॉन आले.

काकांनी डोळे पुसले नाहीत. नाक तेवढं पुसलं.

"'च'वर जोर देतो बघ," ते म्हणाले. "लहानपणापासून."

"घेऊन जा काका ही. तुमचीच आहे."

"घरी?" ते एकदम म्हणाले. "नको, नको. हा दारात पोहोचला आणि ते आत असलं तर?"

तेव्हापासून ते रोज सकाळी यायचे. मी मशीन लावायचो, ते ऐकायचे, थोडं बसायचे, जायचे. मामाने एकदाही विचारलं नाही. फक्त त्या मशीनवर 'हात लावू नये' अशी पाटी लिहिली, आणि काकांनी ती बघून 'लावू'चं ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे म्हणून त्याचं अभिनंदन केलं. मामा दिवसभर खूश होता.

हळूहळू मलाही सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायला लागलं. मी कधीच न भेटलेला एक माणूस रोज सकाळी आमच्या जिन्यात यायचा आणि मला वाटायचं, आज दोन पायऱ्या जास्त चढेल. काकांना काय वाटायचं ते विचारायची गरज नव्हती. वर बघून त्यांचे ओठ हलायचे. ये, ये. आवाज न काढता, लहान मुलाला चालायला शिकवताना म्हणतात तसं.

एकदा ते म्हणाले, "घरी विचारणा झाली. बाबा रोज सकाळी कुठे जातात म्हणून."

"काकूंनी विचारलं?"

"नाही," काका म्हणाले.

*

त्या दिवशी ते जरा उशिरा आले. ऊन पडलेलं होतं, गल्लीत भाजीची गाडी उभी होती, शिंप्याकडे कुणीतरी मापावरून भांडत होतं. काका आले, बाकावर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"लाव," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. डिस्क करकरली. ठिपके फिरायला लागले.

"आलोच!"

नेहमीपेक्षा जवळून. तो लवकर निघाला असावा. पावलं भाजीच्या गाडीला वळसा घालून आली. जिना वाजला. खालच्या पायऱ्या सपासप, मधल्या जड.

"आलोच गं!"

तो थांबला नाही. अर्ध्यावर जिथे रोज थांबायचा तिथून पुढे चढला. एक पायरी. आणखी एक. ठिपके फिरतच होते.  तो वरच्या पायरीवर होता, दाराच्या बाजूला, भिंतीच्या आड. श्वास ऐकू येत होता.

मी काकांकडे बघितलं. हे बघायला ते किती दिवस येत होते.

काकांचे ओठ हलत नव्हते.

दाराबाहेरची धाप अचानक थांबली. हसूही थांबलं.

"बाबा," भिंतीआडून तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने दुसरा शब्द उच्चारला नव्हता. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाबा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

काका एकटे होते. बाकाच्या अगदी कडेला, पडतील इतके कडेला बसले होते. उरलेला बाक रिकामा होता.

त्यांनी बाजूला बघितलं नाही. समोर, दाराकडेच बघत राहिले.

"तू आत येऊ नकोस," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, बाहेर ऊन आहे, टोपी घाल, असं सांगताना असतो तसा. "जा बाळा. पळ."

जिना खाली उतरताना वाजला. वेगाने. मग गल्ली. मग काहीच नाही.

पडद्यावर आयकॉन आले.

मी मशीन बंद केलं. त्यांनी सांगायची वाट बघितली नाही. डिस्क काढून दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. अजून गरम होती. 

काका उठले. पिशवी काखेत घेतली. दारापाशी गेले, अर्धं उघडं दार पूर्ण उघडलं आणि ते धरून बाजूला उभे राहिले. एका माणसाला बाहेर पडायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ. मग स्वतः उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागे वळून, माझ्याकडे नीट न बघता म्हणाले,

"येतो आम्ही."